जुने दोन पत्ते

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत. घरी सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं : "आमच्या सूनबाईंना सुख टोचतं." रुग्णवाहिकांना कुठं जायचं ते सांगणारी यंत्रणा सांभाळायची म्हणजे सुख टोचणारच, असं ती मनात म्हणे. तोंडावर बोलायची छाती नव्हती.

प्रत्येक गाडीत चालकापुढे एक छोटा पडदा होता. त्यामागचा प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला, मुद्दाम हलका ठेवलेला. काम पाठवणाऱ्या सगळ्या सर्व्हरचे पत्ते त्याला पाठ नव्हते, दोनच ठाऊक होते. परक्या गावात उतरलेला माणूस ओळखीच्या एका घरी जाऊन बाकीची घरं विचारतो ना, तसंच. गाडी सुरू झाली की तो त्या दोघांतल्या एकाला विचारी, सध्या कामावर कोण कोण आहे? मिळालेले पत्ते डोक्यात ठेवी आणि गाडी बंद झाली की विसरून जाई.

नवे सर्व्हर कामाला लागले होते, म्हणून त्या दुपारी तेच दोन जुने काढून टाकले. आधी चाचणी झाली होती. दोन्ही बंद केले, तरी रस्त्यावरच्या गाड्यांना पत्ताही लागला नाही. साहेब खूश झाले.

ताई चहाचा कप विसळत होती, तेव्हा तिच्या लक्षात आलं. चाचणीत सगळ्या गाड्या चालूच होत्या. एकही बंद करून पुन्हा सुरू केली नव्हती. आणि संध्याकाळी पाळी बदलताना तर प्रत्येक चालक गाडी बंद करून किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो.

कप तसाच टाकून ती सर्व्हरच्या खोलीत धावली. तिथलं सगळं बघणारे मामा वायरी गुंडाळत होते.

"मामा, ते दोन परत लावा."

"त्यांना मघाशीच मोक्ष दिला. डिस्क पुसून कोऱ्या केल्या."

"मग त्यांच्यातल्या एकाचा पत्ता नव्यातल्या एकाला द्या. दोघांतला एक सापडला तरी गाड्यांना पुरतं."

"मला काय, देतो. साहेबांना तू सांग."

साहेब आपल्या खोलीतल्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सगळं हिरवं दिसतंय. चालत्या गाड्याला खीळ कशाला?"

"पाळी बदलली की एकेक गाडी आंधळी होईल, साहेब. रुग्ण दारात वाट बघत राहील आणि चालकाला कळणारही नाही." ती दारातून हलली नाही.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "एकालाच द्या. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

मामांनी पत्ता चढवला, तोवर पाळी बदलायला सुरुवात झाली होती. भिंतीवरच्या नकाशावरचे गाड्यांचे ठिपके एकेक विझू लागले. ताईनं पदराचं टोक मुठीत धरलं. एक ठिपका परत आला. मग दुसरा. मग भराभर येत गेले. शेवटी एकच राहिला. तो काही येईना.

तिनं त्या चालकाला फोन लावला. "दादा, पडद्यावर काय दिसतंय?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"गाडी धुतोय, ताई. चालू कुठं केलीय अजून?"

मामा फिस्सकन हसले. ताईला हसू आलं नाही.

"करा ना चालू. मी फोन धरून आहे."

पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग दार, मग किल्ली. ती नकाशाकडे बघत राहिली.

"आलं," चालक म्हणाला. "आणि कामही आलं, ताई. निघतो मी."