साहेबगिरी घरी ठेवून शहाडपर्यंत

ठाण्यातल्या नेतृत्व प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी फर्मान निघालं: सरकारी गाडी नाही, हुद्दा सांगायचा नाही. दोघादोघांनी एका गावात जायचं आणि लोकांचं फक्त ऐकायचं. खुलासे नाहीत, आश्वासनं नाहीत. मी पाणीपुरवठ्यातला वरिष्ठ अभियंता, जोडीला पोलीस उपायुक्त सुनंदा मॅडम. चिठ्ठीत शहाडजवळचं गाव निघालं, नेमकं माझ्याच हद्दीतलं.

खोपटच्या डेपोतून कल्याणची एसटी पकडली. मॅडमनी पाचशेची नोट काढली. "ताई, सुट्टे द्या ना," कंडक्टर वैतागला. बिचाऱ्यांनी कित्येक वर्षांत तिकीटच काढलं नव्हतं! तुम्ही जाणार असाल तर सुट्टे ठेवाच. कल्याणला झणझणीत मिसळ, पुढे शेअर रिक्षा. दोघांचं तीनशेच्या आत भागलं. शहाडच्या पुलावर थांबून उल्हास नदी पाहिली. इतकी वर्षं तिचं पाणी नकाशावर फिरवतोय, पण पुलावर पायी उभा पहिल्यांदाच राहिलो.

गावात एक आजी अंगणात वाल सोलत होत्या. पाण्याचं विचारताच सुरू झाल्या, "नलान गढूल पानी येतं. दोनदा अर्ज देला. कोन नाय आला."

"आजी, त्याचं काय आहे, लाइन जुनी..."

मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मीही वाल सोलायला घेतले. मग अर्धा तास मॅडम ऐकत राहिल्या, एकदाही 'हो, पण' नाही. शेवटी म्हणाल्या, "पाणी दाखवता?" आजींनी तांब्या भरून आणला. मॅडमनी आत पाहिलं आणि तो माझ्या हातात दिला. नोकरीत इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि कुणा अधिकाऱ्याचं इतकं कौतुकही.

सोमवारी ऑफिसात आजींचे अर्ज शोधले. दोन्हींवर शेरा: 'पाहणी केली. पाणी स्वच्छ. तक्रार निकाली.' खाली माझी सही. पाहणीला कुणी गेलंच नव्हतं.

लगेच माणसं घेऊन गाव गाठलं. "आजी, तुमचे अर्ज मीच न बघता बंद केलेले."

आजींनी मला वरून खाली न्याहाळलं. "मंग उबा काय? खोद."

खोदलं. मीही फावडं धरलं. गटाराला लागून फुटलेला पाइप दुपारी सापडला आणि तो बदलूनच निघालो.

संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचलो. हात धुवायला नळ सोडला आणि आधी ओंजळीतलं पाणी उजेडात धरून बघितलं. तीस वर्षं या खात्यात काढली, असं कधी बघितलं नव्हतं.