मीठ मागायला आलेला माणूस

माझ्या नवऱ्याला मारणारा माणूस दुकानात मीठ मागायला आला होता. हे मी फौजदाराला सांगितलं, दिराला सांगितलं, कोर्टात सांगितलं, आता तुम्हालाही सांगते. कोणाला पटो न पटो.

दुसरी लढाई पेटायच्या आदल्या सालची गोष्ट. भाईंदरात आमचं किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये फळ्यांची भिंत. दिवेलागणीला मी चुलीपाशी होते. पलीकडे कोणीतरी हळू आवाजात काहीतरी मागितलं आणि आमचे हे मोठ्यानं हसले. "मीठ? अहो, भाईंदरात मीठ विकत कोण घेतं? आम्ही ठेवतच नाही!" मग धप्पकन आवाज झाला. मी धावत बाहेर आले तोवर गल्ला गेला होता आणि पाच शेराचं वजन ह्यांच्या डोक्याशी पडलं होतं. पळणाऱ्याची नुसती पाठ दिसली.

पोलिसांनी मिठागरावरच्या एका मजुराला धरलं. किडक्या तांदळावरून त्याचं ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं, "तुझं टाळकं फोडीन" असं तो भर बाजारात ओरडला होता. तांदूळ किडके होतेच, मीच पाखडले होते. पण धमकी ती धमकी. आता हा फासावर जाणार, असं पोरंसोरंही बोलू लागली.

आता तुम्हीच सांगा. गावाभोवती जिकडेतिकडे मिठागरं, घरोघरी चुलीशेजारी मिठाचं मडकं. मिठागरावर राबणारा तर घरी येताना फडक्यात बांधूनच आणायचा. तो दुकानात येऊन मीठ मागेल? मागणारा कोणीतरी परगावचा होता. फौजदार म्हणाला, "बाई, तुम्ही दुःखात आहात." वा रे वा! दुःखात असलं की माणसाचे कान जातात का?

एक दिवस त्या मजुराची बायको मागल्या दारी येऊन बसली. "बाय, माजा मानूस तोंडाचा फाटका हाय, पन खुनी न्हाय."

"ठाऊक आहे मला. ऊठ," मी म्हटलं.

कोर्टात जायला निघाले तर दीर दारात आडवे. "वहिनी, वर्षाच्या आत उंबरठा ओलांडायचा नसतो. आणि ओलांडताय कशाला, तर माझ्या भावाच्या खुन्याला सोडवायला? खाल्ल्या मिठाला तरी जागा!"

"जागतेय म्हणूनच चाललेय. ह्यांना मारणारा मोकळा फिरतोय आणि तुम्ही भलत्याच्याच गळ्यात दोर घालून निवांत जेवणार. व्हा बाजूला."

पदर घट्ट आवळून मी पिंजऱ्यात उभी राहिले. सरकारी वकील म्हणाले, "ओळख लपवायला मुद्दाम मीठ मागितलं असेल."

"रोजचं गिऱ्हाईक आहे हो तो! दिव्यासमोर तोंड कुठे लपवणार? भांडण झालेल्या माणसाशी हे असे हसून बोलले असते का?"

"नवरा मेला तुमचा, आणि ह्याची दया येते?"

"दया कसली? राग येतोय! ह्याला लटकवलंत की खऱ्याला शोधायला कोणी जाणार नाही."

तो सुटला. खरा काही सापडला नाही. दिरांनी दुकान ताब्यात घेऊन मला बाहेर काढलं. हिनं नवऱ्याच्या रक्ताचा सौदा केला, असं भावकी म्हणाली. म्हणेना का! मी स्टेशनच्या वाटेवर पत्र्याची टपरी टाकली. कोर्टातून परत आलेलं पाच शेराचं वजन तेवढं दिरांच्या हाती लागू दिलं नाही.

टपरीत मी मिठाची गोण ठेवते. दर हंगामात ती भरून आणतो तो सुटलेला मजूर. पैसे घेत नाही, मीही आता भांडत नाही. लोक टिंगल करतात, "मावशी, भाईंदरात मीठ विकायला बसलात?" करू देत. गाववाल्यांसाठी नाहीच ती गोण.

लढाई संपली, इंग्रज गेला, गोण तिथेच आहे. एखादा परगावचा माणूस मीठ मागतो. मी एक हात वजनावर ठेवते आणि त्याच्या तोंडाकडे बघत विचारते, "ह्याआधी कधी भाईंदरात मीठ मागितलं होतंत का?"

म्हातारी वेडी दिसते, असं वाटून सगळे हसतात. जो हसणार नाही, त्याची मी वाट बघतेय.