रिकाम्या रॅकवरचे बूट

माझा धंदा थंडीचा. चोवीस वर्षं रेफ्रिजरेशनमध्ये काढली. कॉम्प्रेसर बंद पडला तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढ्यावरच माझा विश्वास. आमच्या खेड तालुक्यात भुताखेतांच्या गोष्टींना तोटा नाही, पण मी कधी त्यांच्या नादी लागलो नाही. म्हणून हे लिहायला मला दोन महिने लागले. शिवाय हे सांगायचं तर आधी माझा एक गुन्हा सांगावा लागतो... तो यंदाच्या मे महिन्यापर्यंत मी बायकोलाही सांगितला नव्हता.

मस्कतमधल्या एका मॉलमध्ये बर्फाचा हॉल आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे तीन. लांबलचक उतार, शिकाऊ लोकांसाठी स्की, पोरांना बसून घसरायला ट्यूब आणि वरच्या टोकाला बर्फाची गुहा. मी तिथलं मेंटेनन्स बघतो. आत जाताना प्रत्येकाने आपल्या चपला-बूट काउंटरवर द्यायचे, टोकन घ्यायचं आणि आमचे स्नो-बूट घालायचे. बंद करताना रॅक बघायचा. रॅक रिकामा म्हणजे उतार रिकामा. एक जोड जरी राहिला तरी दार लावायचं नाही. हा नियम मी लावला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. काउंटरवरचा नझीर, म्हसळ्याचा, मला चिडवायचा — "काका, माणसं ऱ्हायली बाजूला, तुम्ही चपलांचीच हजेरी घेता."

त्याला कारण माहीत नव्हतं.

पंचविशीत मी हिमाचलमधल्या एका स्की रिसॉर्टवर माणसांना डोंगरावर नेणारी लिफ्ट चालवायचो. रिसॉर्ट कसलं — पूर्वी ते मेंढ्यांचं कुरण. कोणे एके काळी कुणीतरी परदेशातून जुनी लिफ्ट आणून बसवली, चार खोल्या बांधल्या आणि बोर्ड लावला. पर्यटकांसाठी उतारांना नंबर होते. गाववाले मात्र जुनी नावंच घ्यायचे — भेडवाली, छोटी धार, बडी धार. लालचंद नावाचा पन्नाशीचा गडी तिथे उताराची वाट दाखवणारे बांबूचे झेंडे लावायचा आणि संध्याकाळी काढून आणायचा. सकाळी तो घरच्या चामडी बुटांत यायचा, लिफ्टघरात गमबूट चढवायचा आणि आपले बूट रॅकवर ठेवायचा. एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची लाल. लाल नाडी त्याच्या मुलीने घातलेली होती.

त्या संध्याकाळी बर्फ जोरात सुरू झालं. खाली जाणारी शेवटची जीप हॉर्न वाजवत होती. रॅकवर लालचंदचे बूट होते. मी बघितले. मनात म्हटलं, गमबूट घालूनच घरी गेला असेल... आणि लिफ्ट बंद करून जीपमध्ये बसलो.

सकाळी सगळ्यांत आधी मी पोचलो. बूट तिथेच होते. मग माझं लक्ष वर गेलं. लिफ्टच्या तिसऱ्या खांबाखाली झेंड्यांची मोळी दिसत होती आणि तिच्याशेजारी लालचंद, बर्फात अर्धा गाडलेला.

ओरडून लोकांना गोळा करण्याआधी मी काय केलं? ते बूट उचलून नाल्यात टाकले. पंचायतीसमोर झालेल्या चौकशीत सांगितलं, "रॅकवर त्याचे बूट नव्हते, म्हणून तो गेला असं समजलो." कुणीतरी म्हणालं, मग पिऊन परत वर चढला असेल. मी मान हलवली. लालचंद दारूला शिवत नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या दिवसापासून गावात तो पिऊन मेलेला माणूस झाला.

आता इथली गोष्ट. यंदाच्या मे महिन्यातला शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजासाठी साडेअकरा ते दोन हॉल बंद असतो. त्या वेळात आम्ही नवीन बर्फ पाडतो. दिवे बंद, पंखे फुल, तापमान उणे आठपर्यंत खाली. आत कुणी ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नाही. साडेअकराला मी काउंटरवर आलो. नमाजाआधीचं प्रवचन चुकू नये म्हणून नझीरला मशिदीत जायची घाई होती.

"यल्ला काका, चला लवकर, खुतबा सुरू होईल. रॅक खलास."

मी वाकून बघितलं. खालच्या फळीवर एक जोड होता.

"हे कोणाचे?"

"अरे..." नझीर खाली वाकला. "आत्ता नव्हते हो. टोकन पण नाय. आणि हे काय, एक नाडी काळी, एक लाल? कोण घालून आला असले?"

मी आणखी खाली वाकलो. चामड्याला पडलेली घडी, डाव्या टाचेची झीज... सगळं ओळखीचं.

"काका, तुम्ही घामाघूम झालात. बसा जरा. कुणी सफाईवाल्याने ठेवले असतील, नंतर बघू."

नंतर बघू. मीही तेव्हा असंच टाळलं होतं. मी त्याला म्हणालो, "तू जा नमाजाला. दार उघडं राहू दे. मी वर जाऊन येतो."

"अख्खा रिकामा आहे काका."

"असू दे."

जाकीट घालायलाही थांबलो नाही, तसाच चढलो. खालून बघितलं तर उतार पार मोकळा दिसत होता. माझ्याच नियमामुळे आम्ही चढून बघायचं बंद केलं होतं, हे त्या चढणीवर माझ्या लक्षात आलं. गुहेत शिरलो. आतल्या बाकामागे एक म्हातारी बाई पाय धरून बसली होती. ओठ निळे पडले होते. नंतर कळलं, इथल्याच सहम गावात दुकान असलेल्या रत्नागिरीकडच्या कुटुंबातली. गावाहून मुलाकडे आलेली.

"पाय मुरगाळला बाबा," ती म्हणाली. "हाका मारून मारून घसा बसला. कुठं गेली सगळी?"

सगळी दोन गाड्यांनी निघाली होती. या गाडीला वाटलं ती त्या गाडीत आहे, आणि त्या गाडीला वाटलं ती या गाडीत.

तिला पाठीवर घेऊन उतरताना मी विचारलं, "मावशी, तुमच्या चपला कुठे ठेवल्यात?"

"सुनेच्या पिशवीत. नव्या हायेत. तिथं फळीवर ठेवल्या नि कुणी उचलल्या म्हंजे?"

म्हणजे माझ्या हिशेबाने ती बाई आत नव्हतीच. माझा नियम पाळून मी दिवे बंद केले असते आणि दोन वाजता...

खाली आलो तर नझीर गेलाच नव्हता. ब्लँकेट, गरम चहा, तिच्या मुलाला फोन, सगळी धावपळ त्याने केली. सगळं शांत झाल्यावर आम्ही दोघांनी रॅक बघितला. खालच्या फळीवर काही नव्हतं. सफाईवाल्यांना विचारलं, सिक्युरिटीला विचारलं. कॅमेऱ्यात आम्ही दोघं वाकून बोलताना दिसतो, पण फळी काउंटरच्या आड येते. नझीर आजही सांगतो, "लाल नाडी मी माझ्या डोळ्यांनी बघितली." लालचंदबद्दल तोवर त्याला मी अवाक्षर बोललो नव्हतो.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "तो माणूस पीत नव्हता, हे त्याच्या घरच्यांना कोण सांगणार?"

"मीच."

"मग जा. आणि एकटे जा. मी सोबत आले तर माझ्याकडे बघून अर्धंच बोलाल."

जुन्या सोबत्याकडून लालचंदच्या मुलीचा नंबर मिळवायला पाच आठवडे गेले. ती आता अंगणवाडीत शिकवते. फोनवर मी एका दमात सगळं बोललो.   मग ती म्हणाली, "अम्मा अभी हैं. फोन पे ये बात मैं उनको नहीं बताऊँगी. आप आइए. जिनके सामने झूठ बोला था, उनके सामने बोलिए."

मी विचारलं, मस्कतमध्ये जे दिसलं तेही सांगू का? ती म्हणाली, "वो आपका मामला है. हमको सिर्फ़ उस दिन का सच चाहिए."

ते बूट तिथे कसे आले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. भास म्हणावा तर नझीरलाही तोच भास कसा झाला? मी कारण शोधायचं सोडलेलं नाही, पण आता त्यासाठी थांबणार नाही. हॉलमधला नियम बदलला आहे — रॅक रिकामा असो वा भरलेला, बंद करण्याआधी एक माणूस गुहेपर्यंत चढून येतो. सुट्टी मंजूर झाली आहे. येत्या गुरुवारी मी निघतोय. पंचायतीच्या अंगणात लोक जमवायचं काम लालचंदच्या मुलीने अंगावर घेतलं आहे. माझं काम तिथे उभं राहून पहिलं वाक्य बोलायचं. ते मी हिंदीत पाठ करतोय — लालचंद उस दिन ड्यूटी पर थे, और यह मुझे मालूम था.