अण्णांचा हात

आमच्या गल्लीत थर्मामीटर विकत आणायची पद्धतच नव्हती. पोराचं अंग तापलं की आया त्याला उचलून थेट आदगोंडा अण्णांच्या दारात नेत. अण्णा कपाळावर पंजा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "एकशे एक हाय. काढा द्या, घाबरू नगा." कसबा बावड्यात राहून साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म काढलेला माणूस. "घराएवढा बॉयलर ह्या हातावर चालिवलाय," म्हणायचे. "काटा मागनं बघायचो, आधी हात लावायचो." खरं-खोटं देव जाणे, पण गल्लीचा विश्वास होता.

बोलणं असं, की चार घरांपलीकडे ऐकू जावं. भांडण लागलंय म्हणून नवा माणूस दारात थबकायचा, आणि अण्णा नुसती मेथीची जुडी घेत असायचे.

पुढे त्यांच्या बायकोला, अक्काताईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. कागलला दिलेली मुलगी सुनीता म्हणाली, कामाला बाई ठेवू. अण्णा उसळले. "माझ्या बायकूला दुसरी कशाला आंघूळ घालतीया? मी काय मेलोय व्हय?" रोज सकाळी स्वतः तिला न्हाणीत खुर्चीवर बसवायचे, न्हाऊ घालायचे, वेणी घालायचे. वेणी वाकडीच व्हायची. आम्ही बायका पदराआड हसायचो आणि मनातल्या मनात आपापल्या नवऱ्याच्या नावानं बोटंही मोडायचो.

गेल्या हिवाळ्यात घरातला तांब्याचा बंब बुडातून गळायला लागला. सुनीतानं गीझर बसवायला मिस्त्री धाडला. माणूस भला होता. म्हणाला, "अण्णा, नुसता गीझर बसवून भागायचं न्हाय. ह्याचं पाणी बंबासारखं न्हाय, पोळतंय. आपण ठरवू त्यापेक्षा गरम पाणी बाहेर येऊच देत न्हाय, असा नळ मिळतोय. घरात आजारी माणूस हाय, त्यो घ्याच." नळाची किंमत गीझरच्या निम्म्याला भिडत होती, पण ती द्यायला सुनीता एका पायावर तयार होती.

"मला टेंपरेचर शिकवतोस?" अण्णा गरजले. "जन्म गेलाय आगीम्होरं. हा हात हाय की!" आणि पंजा त्याच्या नाकासमोर धरला. मिस्त्री बिचारा निमूट साधा नळ लावून गेला. मीही म्हटलं, "अण्णा, घ्या की तो नळ." तर मलाच म्हणाले, "पोरी, तुझ्या लेकाचा ताप कुणी सांगितला हुता?"

आठवडाही झाला नसेल. सकाळी अण्णांची हाक ऐकून मी धावत गेले. अक्काताई खुर्चीवर, ओल्या लुगड्यात. उजवी मांडी, पोटरी लालभडक, कातडी सुटलेली. मी बादलीत बोट घातलं आणि "आई गं" म्हणत मागे घेतलं. अण्णांनी त्याच बादलीत मनगटापर्यंत हात बुडवला आणि तसाच ठेवला. हात लाल होत चालला होता. "कोमट हाय की गं," ते म्हणाले. "कोमटच हाय." शेवटी मीच त्यांचा हात ओढून बाहेर काढला.

दवाखान्यात डॉक्टरांनी अण्णांचाही हात तपासला. मधुमेहानं हातातली जाणीव केव्हाच गेली होती. "इतकी वर्षं गोळ्या खाताय, तुमच्या लक्षात नाही आलं?" इकडे अक्काताईंच्या जखमा चिघळल्या, ताप हटेना, आणि त्या गेल्या.

समजूत घालायला आम्हा सगळ्यांकडे एकच वाक्य होतं. त्या अंगाला त्यांना काही कळतच नव्हतं, अण्णा, दुखलं नसेल. येईल तो हेच सांगायचा आणि अण्णा मान हलवायचे. सुनीता त्यांना कागलला न्यायला आली, त्या दिवशी ते कट्ट्यावर बसले होते. मीही शेजारी बसून पुन्हा तेच म्हणाले.

अण्णांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"न्हाय गं पोरी. डाव्या हातानं माझा शर्ट धरला हुता तिनं. वढत हुती, सारखी वढत हुती. मला वाटलं, लाडात आलीया. मी हसलो आन् आणखी एक तांब्या वतला."