नऊ लिटर जास्त

सहाव्या दिवशी सकाळी फिटरने गाडीतल्या पलंगाखालची फळी सरकवली आणि पाण्याच्या टाकीच्या बाजूच्या पारदर्शक नळीवर बॅटरी मारली. नळीतलं पाणी सेहेचाळीस लिटरच्या वर होतं. असायला हवं होतं सदतीस-साडेसदतीसवर.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. फिटरने आधी गाडी तपासली. गाडी कलती असली की नळी खोटं बोलते. त्याने गाडीच्या तळावर पाणसळ ठेवली, आडवी आणि उभी. बुडबुडा बरोबर मध्ये. मग नळीला टिचक्या मारल्या, हवा अडकली असेल म्हणून. पाणी हललं नाही. नऊ लिटर खरोखरच जास्त होते.

छत्तीस वर्षं त्याने पाणीपुरवठ्यात पाइप जोडले होते. निवृत्त झाल्यावर जुनी मिनीबस घेऊन तिच्यात स्वतःच्या हाताने ओटा, पलंग आणि एकशेवीस लिटरची टाकी बसवली. नळ नाही, वस्ती नाही, अशा या उघड्या माळावर सात दिवस काढायचे, असं त्याने जुन्या सोबत्यांना सांगून ठेवलं होतं. हिशेब पक्का होता. भांड्यांना तीन लिटर, दोघांच्या अंग पुसण्याला चार, हात-तोंड दोन, स्वयंपाक दोन. पिण्याला तो अडीच, बायको तीन. तिला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता आणि डॉक्टरांनी तीन लिटर बजावून सांगितले होते. एकूण दिवसाला साडेसोळा.

दुसऱ्या दिवशी दोन लिटर जास्त उरले तेव्हा तो तिला म्हणाला होता, "हात बसला तुझा. भांडी कमी पाण्यात होतायत." ती हसली होती. तिसऱ्या दिवशी चार निघाले. तेव्हाही त्याने भांड्यांवरच घातलं.

पण नऊ भांड्यांतून निघत नाहीत. दिवसाला तीन लिटरमध्ये धुणारी बाई दोन वाचवून भांडी कशाने धुणार? अंग पुसायच्या बादल्या तो स्वतः भरून देत होता. स्वयंपाकाचं पाणी मापाचं. त्याचं पिणं त्याला माहीत होतं. एक एक वजा करत गेला आणि एकच गोष्ट उरली.

तो वळला. बायको पलंगाच्या कडेला बसली होती, उजवा हात कमरेच्या मागे दाबून.

"किती दिवस दुखतंय?"

"काही नाही. गाडीतला पलंग म्हणजे फळीच की. पाठ धरली."

"पाठ अशी एका बाजूला धरत नाही. काल किती पाणी प्यायलीस?"

"मोजायचं खातं तुमच्याकडे आहे."

"सांग ना."

"चार-पाच भांडी असतील."

प्यायचं भांडं पाव लिटरचं. म्हणजे फार तर सव्वा लिटर.

"मी पिण्यावर बंधन घातलं होतं का?"

"नाही. तुम्ही कधी काही बोलला नाहीत." ती श्वास धरून थांबली, कळ ओसरू दिली. "पण नळ उघडला की पंप घुर्र करतो, आणि तुम्ही असाल तिथून मान वर करता. दिवसातून पंधरा वेळा. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा चहा राहिला बाजूला, आमचा गळका नळ आवळून गेलात. तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हटलं, सात दिवसच आहेत, होऊ दे यांच्या मनासारखं."

तो उठला. दीड लिटरची बाटली भरून तिच्या हातात दिली आणि आवराआवर सुरू केली.

"अहो, दोन दिवस राहिलेत. आता पिते ना मी."

"पी. आणि पट्टा लाव."

तिला बाटली अर्धीही गेली नाही. गाडी सुरू व्हायच्या आत सगळं उलटून पडलं. तेव्हा तिने स्वतःच पट्टा लावला.

पक्क्या रस्त्यापर्यंत अठ्ठावीस किलोमीटर खडीची वाट होती. वेग घेतला की धक्क्याने तिच्या तोंडून आवाज निघे, हळू घेतलं की वेळ जाई. फिटरने दुसरा गिअर सोडला नाही. खड्डा दिसला की आधीच सांगायचा, "आता बसेल," म्हणजे ती कडेचा दांडा धरी. दर दहा मिनिटांनी थांबून तो तिला एकेक घोट द्यायचा. पोटात टिकतं का ते बघायचा आणि मगच निघायचा. दोन तास लागले. दोनदा तिला विचारलं, लघवीला झाली का. दोन्ही वेळा तिने मान हलवली, नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं. उजव्या बाजूला खडा अडकला होता, वर सूज होती. "पाणी किती पीत होत्या?" त्यांनी फिटरला विचारलं.

"बाकी सगळं सांगू शकतो," तो म्हणाला. "हे मला माहीत नाही."

बायकोने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि सलाईन लावलं. म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत वाट बघू. उतरला तर ठीक, नाहीतर लघवीच्या वाटेत नळी घालावी लागेल. फिटर लोखंडी स्टुलावर बसून राहिला. आयुष्यभर नळ्या घातल्या होत्या त्याने. ही नको होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास खडा पडला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा तमाशा." आणि दुपारभर झोपली.

घरी परतल्यावर एका जुन्या सोबत्याचा फोन आला. "काय रे, सात म्हणाला होतास, पाचातच माळ सोडलास म्हणे. पाणी संपलं?"

"नाही. उरलं म्हणून आलो," फिटर म्हणाला, आणि पुढचं सगळं सांगितलं, स्वतःची चूक न वगळता. बायको आतून ऐकत होती. मधेच तिने पाण्याच्या भांड्यांचा आकडा दुरुस्त केला. चार-पाच नाही, चारच.