शनीच्या चंद्रावरचं तेल

दोन्ही हातांची पहिली बोटं आकड्यासारखी वाकवायची, एकमेकांत अडकवायची, ओढून बघायची आणि म्हणायचं, "तुटल्याशिवाय जुळत नाही!" रसायनाचा तास असो नाहीतर मधल्या सुट्टीतला चहा, आमच्या विज्ञानाच्या सरांचं हे चालूच. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. असला तर त्याला जपा. आम्ही जपला नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं फिरतं.

शहात्तर-सत्याहत्तरची गोष्ट. वडूजजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो. सर सांगलीकडचे, जैन, खोली घेऊन एकटेच राहायचे. नेमणूक तात्पुरती. जूनला नवी ऑर्डर आली तर नोकरी, नाही आली तर गुंडाळा वळकटी. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. पण एकदा शनीच्या चंद्राचा विषय निघाला, बोलता बोलता दिवस बुडाला आणि हा गडी उपाशीच झोपला.

शनीचा सगळ्यांत मोठा चंद्र टायटन. त्याला वातावरण आहे आणि त्यात मिथेन आहे. "आपल्या गोबरगॅसात असतो ना, तोच वायू!" अगदी वरच्या थरात ऊन त्या मिथेनचे तुकडे करतं, तुटलेली टोकं एकमेकांना धरतात, लहान रेणूंचे मोठे होतात, मोठ्यांचे आणखी मोठे, आणि त्यांचा तांबूस धुरळा सावकाश खाली उतरत राहतो, असा शास्त्रज्ञांचा कयास होता. सरांनी तो सांगलीच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात वाचला आणि हे गावाला सांगायचंच असं मनावर घेतलं.

त्यांनी शाळेच्या फाटकावर फळा लावला. 'शनीच्या चंद्रावर काय तयार होतं? शनिवारी दुपारी चार वाजता. सर्वांनी यावे.'

आधीच शनी, त्यात शनिवार! गाव आलं ते तेलाच्या बाटल्या, काळे उडीद आणि रुईच्या माळा घेऊन. मी कपाळावर हात मारून घेतला. सर मात्र खूश. "या, या! बाटल्या भिंतीकडंला ठेवा, सांडतील." आणि तासभर बोटं अडकवून, सोडवून, पुन्हा अडकवून त्यांनी सगळं सांगितलं. कुणी जागचं हललं नाही. शेवटी ते म्हणाले, "तिथं वर जे तयार होतं, त्यात आपल्या रॉकेलाच्या, तेलाच्या जातीचे रेणूही असतील."

पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आवं, म्हंजी त्येच्याकडंच लय तेल हाय. आमच्या बाटलीची त्येला गरजच न्हाई म्हना की!"

सगळी शाळा हसली. संस्थेचे चेअरमन तेवढे हसले नाहीत. त्यांना साडेसाती चालू होती आणि ते दर शनिवारी तेल वाहायचे.

सोमवारी सरांच्या हातात मेमो. आरोप पहिला, धर्माची टिंगल केली. आरोप दुसरा, शाळेत तेल-उडीद जमवून अंधश्रद्धा पसरवली. अहो, दोन्ही एकाच कागदावर! ज्यानं लिहिलं त्याला लाज नाही, ज्यानं टाईप केलं त्याला नाही. आणि मला तरी कुठं होती?

हेडमास्तरांनी मला बोलावलं. साक्षीदार म्हणून माझा जबाब आधीच लिहून तयार होता, चांगला दोन पानी. तेल कुणी आणलं, माळा कुठं ठेवल्या, म्हातारी काय बोलली, कोण कोण हसलं, सगळं होतं. सर तासभर काय सांगत होते, त्याचा एक शब्द नव्हता. मिथेन नाही, ऊन नाही, रेणू नाही.

"यात खोटं काय हाय का?" हेडमास्तर म्हणाले.

"खोटं नाही, पण..."

"मग पण कशाला? करा सही."

केली. माझी नोकरी कायम होती. नाही म्हणालो असतो तर माझ्या केसालाही धक्का लागला नसता. तरी केली. भित्रा कुठला!

जूनमध्ये सरांची ऑर्डर आली नाही. मी त्यांना पोचवायला वडूजच्या स्टँडवर गेलो. सांगलीची गाडी लागली होती. धीर करून म्हणालो, "सर, त्या जबाबावर माझी सही आहे."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एक शिवी हासडली असती तर मी सुटलो असतो. मग जरा जवळ येऊन म्हणाले, "दोन पानं लिहिलंय म्हणे. मिथेनचं आलंय का त्यात? वर ते कसं जुळत जातं, ते?"

मी म्हणालो, "हो. सगळं आलंय."

"अरे वा!" माणूस असा खुलला, जशी काही कायमची ऑर्डरच हातात पडली. "मग झालं तर. फायलीत राहील. कधीतरी कुणीतरी वाचेल."

आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीतून माझे आभार मानत राहिले.