जिंकणाऱ्याचाही एक चिंचोका

धुळ्याच्या आमच्या जिनिंग कारखान्यात काट्यावर कापसाच्या गाठी तोलणारे नाना ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेले होते, एवढंच मला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत ते फरशीवर खडूने घरं आखत, माझी चिंचोक्यांची आणि स्वतःची सरकीची फौज मांडत. खेळ त्यांनीच बनवलेला, आणि नियम रोज बदलत. आधी पाऊस, चिखल, उपासमार, सगळ्यांचे वेगळे नियम होते. ते सगळे त्यांनी एकेक करून गाळले. "बठ्ठं सोपं करनं शे, भाऊ," म्हणत, आणि त्यांचा पाय सारखा हलत राही.

शेवटी एकच नियम उरला. दोघांनी कवड्या टाकायच्या. हरणाऱ्याचे दोन दाणे मेले, जिंकणाऱ्याचा एक. मेलेले दाणे डब्यात.

"जिंकणाऱ्याचा कशाला, नाना?" मी वैतागलो. "तेवढं काढून टाका, आणखी सोपं होईल."

त्यांचा पाय थांबला. माझ्या जिंकलेल्या फौजेतला एक चिंचोका त्यांनी उचलला, आणि डब्यात न टाकता सदऱ्याच्या खिशात ठेवून वरचं बटण लावलं.

"हाऊ नियम काढता येत नही."

घरी भावाशी खेळताना मी तो नियम पाळत नाही. तरी जिंकलो की माझा हात चिंचोक्यांवर घुटमळतो. यातला कोणता उचलायचा?